आधारचा पहिला घास

सोनखेडीची पंगत आपणहून कधी सुरू व्हायची नाही. पत्रावळी मांडून झाल्या, वरण-बट्टी वाढून झाली, वांग्याच्या भाजीचा रस्सा वाहत वाहत बट्टीला येऊन भिडला, तरी कुणी हात घालत नसे. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या असत. रांगेच्या तोंडाशी, मारुतीच्या पाराला पाठ लावून आधार मांडी घालून बसलेला असे. कुणीतरी म्हातारी त्याच्या तळहातावर गोड ठेवी. तो ते तोंडात टाकी, डोळे मिटून सावकाश चावी, मग टोपी सावरून असा गजर करी की पारावरची कबुतरं भर्रकन उडत, "पुंडलिक वरदाऽऽ!" आणि "हाऽरि विठ्ठल" म्हणत अख्खं गाव जेवायला लागे.

भोळ्याच्या मुखी घास गेला म्हणजे देवाच्या मुखी गेला, ही गावाची जुनी समजूत. आधारच्या आधी हा मान कुणा मुक्या उखर्डूला होता म्हणतात. आधार अंगापिंडानं पंचविशीचा गडी, पण आकडे त्याला दोनच ठाऊक, एक आणि खूप. बोलणंही मोजकं. शाळेनं त्याला पहिल्याच वर्षी परत पाठवलं होतं, कीर्तनानं मात्र कधी परत पाठवलं नाही. बुवा उभे राहिले की हा बुक्क्याची डबी घेऊन निघे, पाटलापासून पार जोड्यांपाशी बसलेल्या पोराटोरांपर्यंत एकूणएक कपाळाला बोट लावी. एखादा राहिला तर कीर्तन थांबवायलाही कमी करत नसे. "थांबा!" म्हणे. आणि बुवा थांबत.

पार्वता आधारच्या थोरल्या भावाची बायको होऊन या घरात आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती. तिनं सुनेचा हात धरून आधारच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "पार्वता, हाऊ तुना देर नही. पहिला आंडोर समज." सासू गेली, पार्वताला पुढं स्वतःच्या दोन मुली झाल्या, पण हा पहिला लेक काही दुसरा झाला नाही. नवरा वना पिठाची चक्की चालवायचा. दिवसभर पट्ट्याच्या घरघरीत. आधारचं न्हाणं-धुणं, जेवण, रुसवे-फुगवे सगळं पार्वताकडे.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात आधार बिघडला.

आधी पाण्यावरून सुरू झालं. "वैनी, तान लागनी," म्हणायचा आणि तांब्या घटाघटा रिकामा करायचा. घटकाभरानं पुन्हा "तान लागनी." पहाटे अंथरूण ओलं. कधी नव्हे तो चिडायला लागला, मृदंगी झुलालला त्यानं कीर्तनात ढकलून दिलं. बुक्क्याची डबी हातात घेऊन मधेच मटकन बसला आणि उठलाच नाही. अंग तर असं वाळलं की सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला.

"त्यानं याड वाढनं," लोक म्हणाले. दुसरं कुणी असतं तर म्हणाले असते, याला काहीतरी आजार झालाय. आधारला मात्र याडच व्हायचं, सर्दीसुद्धा याडच. एका भगतानं दंडात काळा दोरा बांधला. वना म्हणाला, "पानी कमी कर त्यानं. अंथरून तरी कोल्लं ऱ्हाई." आणि पार्वतानं, हो, पार्वतानंच, अंथरूण कोरडं राहावं म्हणून दिवस कलला की माठ उचलून फळीवर ठेवायला सुरुवात केली. त्याच्याच भल्यासाठी. असं तिला मनापासून वाटत होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी ती शेणाची पाटी घेऊन गोठ्याकडे गेली, तर आधार बैलाच्या डोणीवर उपडा पडलेला. तोंड पाण्यात. बैल शेजारी उभा राहून नवल बघत होता. पार्वतानं त्याला ओढून काढलं. हनुवटीवरून हिरवं पाणी ओघळत होतं, आणि तो तिच्याकडे बघून चक्क अपराधी हसला. जणू चोरी पकडली गेली. पार्वताच्या हातातली पाटी कधी पडली तिचं तिला कळलं नाही.

तिनं त्याला तसाच धरून गावच्या उपकेंद्रात नेलं. तिथं बिऱ्हाडे सिस्टर होत्या, धुळ्याकडच्या. बाळांना टोचायचं, गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या, हे त्यांचं काम. कीर्तनाला त्या येत नसत, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, पण जाता-येता आधार दिसला की कपाळ पुढं करत, आणि तोही हटकून बुक्का लावी.

सिस्टरांनी आधी आधारला हाक मारली, मग नाडी बघितली. वाकून त्याच्या श्वासाचा वास घेतला आणि गंभीर झाल्या.

"पार्वताबाई, हा लघवीला बसतो तिथं मुंग्या येतात का?"

"येतंस ना! मोरीमा रांगच लागस. मी रोज राख टाकस. काबर?"

सिस्टरांनी पिशवी उचलली. केंद्राला कुलूप लावलं, आणि येणारी एसटी हात करून थांबवली. जळगावच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत आधारची मान पार्वताच्या खांद्यावर लुळी पडली होती.

साखरेचा आजार निघाला, तोही जोरातला. आणखी एक दिवस काढला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. आधार वाचला, पण त्या वॉर्डात त्याचे हाल पाहवेनात. सुई दिसली की तो गुरासारखा ओरडे, चौघं धरत तेव्हा कुठं टोचता येई, सलाईनसाठी हात खाटेला बांधावा लागे. घरी जायची वेळ आली तशी डॉक्टरांनी वना-पार्वताला समोर बसवलं. माणूस चांगला होता, खोटं बोलणारा नव्हता.

"याला रोज सकाळी इन्सुलिनची सुई लागणार. जन्मभर. चुकली तर पुन्हा हेच, आणि पुढच्या वेळी वाचेल असं नाही. तुमचं खेडं, त्यात हा असा. घरी कोण टोचणार? मुंबईकडे अशांसाठी संस्था आहेत. चिठ्ठी देतो."

वना चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. पार्वतानं पदर सावरला.

"मी देसू."

"तुम्ही द्याल हो बाई. पण तो देऊ देईल का?"

हा प्रश्न घेऊनच ती परत आली. एसटीत आधार खिडकीशी बसून खुशीत होता, आणि पार्वता मनात एकच घोकत होती, हा सुई घेऊ देईल का? नाही दिली तर हा आपल्या डोळ्यांसमोर जाईल, नाहीतर मुंबईला जाईल. तिला दोन्ही सारखंच वाटत होतं.

बिऱ्हाडे सिस्टरांनी शिकवायला घेतलं. पहिला धडा पार्वताला. मोसंबी हातात दिली. "ही आधारची मांडी समजा." पार्वतानं मोसंबीला इतक्या सुया टोचल्या की मुली म्हणाल्या, माय, हिचा रस आता आपोआप येईल. सिरिंज उकळायची कशी, बाटली ओल्या वाळूच्या गाडग्यात, माठाच्या गारव्याला ठेवायची कशी, सगळं झालं. हात कापतील, दरदरून घाम फुटेल तेव्हा मात्र उलट, चमचाभर साखर लगेच द्यायची, हेही शिकवलं. "त्याला सांगता येणार नाही, तुम्हीच ओळखायचं," सिस्टर म्हणाल्या. पार्वतानं ओळखलंही. साखर उतरायला लागली की आधार टोपी काढून कान चोळायचा, कुणी बघायच्या आधी.

दुसरा धडा आधारचा. वना त्याचे हात धरायला पुढं झाला तशी सिस्टरांनी त्याला मागं सारलं.

"धरायचं नाही, वनाभाऊ. धरून एक दिवस टोचता येईल, रोज नाही. याला भीती कसली आहे? काय होणार ते माहीत नसल्याची. कीर्तनात का नाही घाबरत हा? कारण पुढं काय येणार ते ठाऊक असतं."

पार्वताच्या डोक्यात तिथं दिवा लागला. खरंच की! आधी नमन, मग अभंग, मग निरूपण, शेवटी आरती. आधारला घड्याळ कळत नव्हतं, पण आरतीच्या आधी तो बरोबर ताट घेऊन हजर असे. मग तिनं सुईचंही कीर्तन केलं. रोज तीच चटई, तीच जागा, ओट्याचा तोच कोपरा. आधी हात धुवायचे. मग आधारनं टाळ हातात घ्यायचे. मग गजर. गजर संपला की जी शांतता होते, तिच्यात सुई. सुई झाली की भाकर. सुरुवातीला कितीतरी दिवस सुईच नव्हती, नुसती बोटानं टिचकी. मग रिकामी सिरिंज. आधारनं ती बाहुलीला टोचली, वनाला टोचली, वनानं खोटं "आयव!" केलं तेव्हा हसून लोळला. तोवर खरी सुई सिस्टर केंद्रात कशीबशी देत, आधारची नजर दुसरीकडे वळवून, घासाघीस करून.

आणि एका सकाळी गजर संपला, आधारनं टाळ थांबवले, मांडी पुढं केली, आणि पार्वतानं खरी सुई दिली. तो "स्स्" म्हणाला. मग म्हणाला, "भाकर."

पार्वता चुलीपाशी गेली ती डोळे पुसतच. धुराचं निमित्त होतंच.

लघवी तपासायची ती काचेच्या नळीत. निळं औषध, वर थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर धोका. हे काम आधारला भारी आवडलं. बुक्का, गुलाल, हळद यांत वाढलेला माणूस तो, रंग त्याला माणसांपेक्षा लवकर कळत. नळीशी डोळा लावून बसायचा, आणि रंग टिकला की ओरडायचा, "निया! वैनी, निया!" त्याच्या बोलीत निळा म्हणजे निया. आणि हा निया ऐकला की वनासुद्धा चक्कीवरून हात वर करायचा. सावळ्या देवाचाच रंग तो, पार्वता मनात म्हणे, घरात उजाडता उजाडता दर्शन झालं.

पण पोळ्यानंतर नळी लाल व्हायला लागली. सुई चुकत नव्हती. घरातलं गोड तर पार्वतानं मुलींनाही बंद केलं होतं. मग लाल कशी?

सिस्टर म्हणाल्या, "घरात बघू नका, गावात बघा."

पार्वतानं एक दिवस आधारच्या पाठोपाठ पाळत ठेवली, आणि कपाळाला हात लावला. या दारी गुळाचा खडा, त्या दारी शेवेचा लाडू, देवळात पेढा, दुकानदार गोळी देणार. कुणाचा वार होता, कुणाचा नवस, कुणाच्या लेकीला दिवस गेले होते. भोळ्याच्या मुखी घास! गाव त्याला प्रेमानं मारत होतं.

ती दारोदार फिरली, हात जोडले. सगळ्यांत कठीण निघाल्या पाटलांच्या भिकुबाई. गावाच्या आक्का त्या, सत्तरीच्या, सप्ताहातला पहिला घास आधारला भरवायचा मान त्यांचाच.

"देवना माणूसले गोड तोडस व? पाप लागी तुले!"

"आक्का, डॉक्टरनी सांगं शे. त्याना जीवले..."

"माय व! गूयना खडाघाई कोनी मरस का? मना हातनं खाईसन आजलोंग कोन मरनं, सांग!" आणि शेजारणीकडे वळून, पार्वताला ऐकू जाईल अशा बेतानं, "देरले उपाशी ठेवीसन सोता गोड खात व्हई."

पार्वता घरी येऊन रडली. वना म्हणाला, "जाऊ दे. गाव काही ऐकाव नही. आनि त्याले काय समजस?"

सिस्टर तिथंच बसल्या होत्या. "का, निळा-लाल समजतो ना?"

मग पार्वतानं आधारलाच सांगायचं ठरवलं. सांगायचं म्हणजे दाखवायचं. कुणी दिलेला गूळ तो खिशात घेऊन आला की ती तो खडा नळीशेजारी ठेवी. "हाऊ खादा, मंग देख." नळी तापे, रंग फिरे. हिरवा, पिवळा, लाल. "लाल म्हंजे?" आधार मनगट दुसऱ्या हातानं गच्च धरून दाखवी, जळगावला बांधलं होतं तसं. गूळ, लाल, मनगट. गूळ, लाल, मनगट. पार्वतानं हे किती वेळा केलं असेल त्याला गणती नाही. टाळकरी एकच चरण घोळवून घोळवून म्हणतात, कंटाळत नाहीत, तसं. पण तो खरोखर समजला की नुसता खेळ म्हणून मनगट धरतो, हे तिला कळत नव्हतं. नळी कधी निळी होई, कधी नाही. आणि समोर सप्ताह येत होता.

सात दिवस कीर्तनं रंगली. शेवटच्या दिवशी जामनेरकडच्या बुवांनी काल्याचं कीर्तन असं उभं केलं की म्हातारे गोपाळ होऊन नाचले. आधारनं साऱ्या गावाला बुक्का लावला, बुवांनाही. दहीहंडी फुटली आणि पंगती बसल्या.

बायका पलीकडच्या मांडवात. पार्वता वाढपात होती. तिनं बट्टीची टोपली खांद्यावर घेता घेता पाराकडे बघितलं आणि तिचा पाय जागीच थांबला. भिकुबाई काठी टेकत निघाल्या होत्या. तळहातावर बुंदीचा लाडू, चांगला आंब्याएवढा. मधे सगळ्या पंगती बसलेल्या, पत्रावळींवरून उडी मारून जाणार कशी? ओरडावं तर चारशे माणसांत, काल्याच्या दिवशी, पहिल्या घासाला. पांडुरंगा, आज तूच रे.

भिकुबाईंनी लाडू आधारच्या हातावर ठेवला. आधारनं तो डोळ्यांजवळ नेला. वास घेतला. गाव वाट बघत होतं. लहान पोरं भुकेनं चुळबुळत होती.

आधारनं लाडू परत भिकुबाईंच्या हातात दिला.

"नको. लाल व्हस."

पंगतीत कुजबुज उठली. भिकुबाई गोंधळल्या. "मना लाडू लाल शे का रे? देख तरी, चांगला पिवया शे!"

आधारनं त्यांच्याकडे, ज्याला साधं कळत नाही अशा माणसाकडे बघावं तसं बघितलं. "लाडू पिवया," तो समजुतीनं म्हणाला. "मंग लाल." आणि मनगट गच्च धरून दाखवलं.

कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, पहिला घास परत? आता पंगत कशी सुरू व्हायची? बुवा पाराच्या पायरीवर उभे होते, त्यांनाही लोक बघायला लागले. पण बुवांना काही बोलायची वेळच आली नाही. आधारनं समोरच्या पत्रावळीवरची काकडीची फोड उचलली, तोंडात टाकली, डोळे मिटून कुरुमकुरुम चावली. टोपी सावरली.

"पुंडलिक वरदाऽऽ!"

मग "हाऽरि विठ्ठल!" असा काही उसळला की त्यात पार्वताचा आवाज तिचा तिलाच सापडला नाही. टोपली खांद्यावर तशीच, आणि शेजारच्या बाईला ती सांगत सुटली होती, "मना देर शे तो! देखं का? मना देर!" जणू त्या बाईला आधार कोण हे माहीतच नव्हतं.

दूर भिंतीशी बिऱ्हाडे सिस्टर उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या की रडत नव्हत्या. नुसत्या ताठ उभ्या होत्या, आपल्या पोराचा नंबर आला की मास्तरणी उभी राहते तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाई काठी आपटत ओट्यावर हजर. पार्वता मनातून चरकली.

"चार लोकमा मनं नाक कापं तुना देरनी."

"आक्का, बठा. चहा मांडस."

भिकुबाई बसल्या. चहा आला. त्यांनी कपाकडे बघितलं, पार्वताकडे बघितलं, इकडे तिकडे कुणी नाही असं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती रंगनी नयी... कोनलेबी चालस का?"

"म्हंजे?"

"माले बी रातले घडीघडी उठनं पडस व. तोंड कोल्लं पडस. आनि मोरीमा..." त्या थांबल्या. "मुंग्या."

पार्वता हसू दाबत आत गेली आणि नळी घेऊन आली, भिकुबाई मोरीत जाऊन आल्या. दिवा लागला. आधार नळीशी डोळा लावून बसला. भिकुबाई पदराआडून, लाजत, दुसऱ्याचंच काहीतरी चाललंय अशा आविर्भावात. रंग हिरवा झाला. मग पिवळा. मग नारिंगी, आणि तिथं थांबला.

"काय रे पोऱ्या?"

आधारनं भिकुबाईंच्या हातातला चहाचा कप हळूच काढून घेतला आणि दूर ठेवला.

सिस्टरांनी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायला सांगितलं. पाटलांचा लेक जीप काढायला तयार, पण भिकुबाई हटून बसल्या, "आधार मनासंगे येई तं मी जासू. नही तं नही." मग एसटीनंच निघाले, भिकुबाई, आधार आणि मागच्या बाकावर पार्वता.

दवाखान्यात मोठी रांग. खिडकीतल्या नर्सबाई नवीन होत्या, यांना ओळखत नव्हत्या. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

पार्वता पुढं व्हायला लागली.

"मी शे," आधार म्हणाला.

नर्सबाईंनी मान वर केली. टोपी, बुक्क्यानं काळं झालेलं बोट आणि त्याच हातात घट्ट धरलेला म्हातारीचा हात, असं सगळं त्यांनी बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या. "आजींना त्या बाकावर बसवा. आणि जवळच थांबा."

आधारनं भिकुबाईंना बाकावर बसवलं. त्यांची काठी भिंतीला टेकवून ठेवली. ती घसरली, तशी पुन्हा ठेवली, आणि त्यांच्याजवळ थांबला.